कोऱ्या चहाचं पुडिंग

नोव्हेंबरातल्या एका रविवारी चर्चमध्ये प्रवचन देऊन मी घरी आलो, बूट काढतो न काढतो तोच ॲडलेडहून थेल्माचा ट्रंक कॉल आला. थेल्मा माझी थोरली बहीण. ती तिथल्या एका मोठ्या इस्पितळात मेट्रन आहे आणि घरच्यांशीसुद्धा वॉर्डात फेरी मारत असल्यासारखीच बोलते.

"ॲल्विन, यंदा ख्रिसमसला मी वालारीला येत नाही," ती म्हणाली. "धाकट्याशी, मर्विनशी, बोलून झालंय. तो त्याच्या शेतावर करेल, तुम्ही तुमच्या घरी करा. थंडगार हॅम खा, आइस्क्रीम खा आणि पंख्याखाली पडून राहा. एवढ्या उकाड्यात शंभर मैल मोटार हाणत यायचं कशाला?"

"आजवर येतच होतीस की."

"आजवर आई होती. जूनमध्ये आई गेली. आता पुडिंग कोण करणार?"

शहाण्या माणसानं इथे 'बरं' म्हणून फोन खाली ठेवला असता. मी शाळेचा उपमुख्याध्यापक आहे, त्यामुळे शहाणपणाशी माझा संबंध दिवसातून आठ तासच येतो, आणि त्या दिवशी सुट्टी होती. "मी करणार," मी म्हणालो.

फोनवर कुणीतरी फिस्सकन हसलं. ती थेल्मा नव्हती. वालारीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसणाऱ्या बाई होत्या. थेल्मा म्हणाली, "ठीक आहे. तू पुडिंग केलंस आणि ते खाण्याजोगं झालं, तर आपण दर वर्षी जमू. नाही झालं, तर हा विषय कायमचा बंद. पुढच्या वर्षी पुन्हा गळा काढायचा नाही."

फोन ठेवल्यावर मला घाम फुटला, आणि तो नुसता उकाड्याचा नव्हता. एक ख्रिसमस चुकला की पुढचे सगळे चुकतात हे मी गावात पाहिलं होतं. ट्रेव्हेना बंधूंचं असंच झालं. एका वर्षी धाकट्याच्या बायकोला दगदग नको म्हणून वेगळे जेवले, आणि आता दोघं फक्त कुणाच्या तरी मयतीत एकमेकांना मान हलवतात. आमच्याकडे सगळ्यांना धरून ठेवायला आई होती आणि आईकडे ते पुडिंग होतं. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, चिमण्या चोची वासून बसलेल्या असायच्या, आणि आमच्या टेबलावर भाजलेल्या कोंबड्या, बटाटे, ग्रेव्ही आणि वर ते गरमागरम, डोक्याएवढं, काळं पुडिंग. यात काही चूक आहे असं आम्हाला मुलांना कधी वाटलंच नाही. ख्रिसमस म्हणजे घाम, अशीच आमची समजूत होती.

एक्स्चेंजवरच्या बाईंच्या कृपेनं संध्याकाळपर्यंत सगळ्या वालारीला बातमी कळली. सोमवारी सकाळी मी शाळेत जाईपर्यंत सात जणांनी मला रस्त्यात थांबवून पुडिंग कसं करावं ते सांगितलं. खाटीक म्हणाला, चरबी फक्त मूत्रपिंडाभोवतीचीच घ्या. पोस्टमास्तर म्हणाले, गाजर किसून घाला. हे ऐकून खाटीक दुकानातून बाहेर आला आणि म्हणाला, गाजर घालणाऱ्याला फटके मारले पाहिजेत. मी निघालो तेव्हा त्यांचं चांगलंच जुंपलं होतं.

आईनं तिची रीत कुठे लिहून ठेवलेली नव्हती. तिला त्याची गरज नव्हती. पण माझी काही हरकत नव्हती, कारण मला ती तोंडपाठ होती. लहानपणी पुडिंगच्या दिवशी मी सकाळपासून तिच्याजवळ असायचो. मनुका, बेदाणे, चरबी, ब्रेडचा चुरा, काळी साखर, अंडी, जायफळ आणि सैल करायला किटलीभर थंड कोरा चहा. हो, चहाच. आई वालारीच्या महिला दारूबंदी मंडळाची बावीस वर्षं अध्यक्ष होती. आमच्या घरात खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आधी वास घेऊन मग आत यायची. लोक पुडिंगमध्ये ब्रँडी ओततात आणि वर आणखी ओतून काडी लावतात, ते आम्हाला नरकाच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन वाटायचं. आई काडीच्या ऐवजी पुडिंगच्या डोक्यावर एक छोटी मेणबत्ती लावायची. तिच्या मागोमाग मीही दारूबंदीची शपथ घेतली, आणि महिन्यातून दोन रविवार त्याच विषयावर बोलून मी लोकांना झोपवतो.

अडचण होती ती हंड्याची. आई पुडिंग उकडायची ते धुण्याच्या खोलीतल्या तांब्याच्या हंड्यात, विटांच्या चुलाण्यावर. एरवी त्यात चादरी उकळायच्या. आई गेल्यावर घर विकलं तेव्हा तो हंडा चर्चच्या जत्रेत दिला होता, आणि तो घेतला मिसेस पॅस्को यांनी. मी गेलो तेव्हा त्यांच्या दारात आमचा हंडा उभा होता आणि त्यात लाल जिरेनियम फुललं होतं.

"मिसेस पॅस्को, हा मला दोन दिवसांसाठी हवा होता."

"फुलांसकट?"

"फुलांशिवाय."

"ॲल्विन, तुझ्या आईच्या आठवणीसाठीच मी त्यात फुलं लावली रे. आता तिच्याच आठवणीसाठी ती उपटू?"

मी तिथे उभा राहून त्यांच्या गुडघ्याची पूर्ण हकीकत ऐकली, त्यांच्या नातवाला गणितात मदत करायचं कबूल केलं, आणि स्वतःच्या हातानं जिरेनियमची सत्तावीस रोपं डब्यांत लावून दिली. हंडा घरी आणून उलटा केला तर बुडाला भोक. पाणी निघून जायला हवं ना, म्हणून मिसेस पॅस्कोंनी खिळ्यानं पाडून घेतलेलं.

ते भोक आमच्या शेजारच्या क्लॅरी हॉकिंगनं बुजवून दिलं. क्लॅरी निवृत्त रेल्वेवाला, आणि वालारीच्या हौशी अग्निशमन पथकाचा कॅप्टन. कुंपणावर कोपरं टेकून दुसऱ्याच्या अंगणातलं काम बघणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. "मास्तर," तो म्हणाला, "हंडा ठीक झाला. पण उघड्यावर विस्तव पेटवायचा तर नगर कचेरीची परवानगी लागते हो. उन्हाळा सुरू झालाय."

मी कचेरीत गेलो. खिडकीमागे माझाच एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याला मी भूगोलात दोनदा नापास केलं होतं आणि हे आम्हा दोघांच्याही लक्षात होतं.

"काय जाळायचंय, सर?"

"जाळायचं काही नाही. पुडिंग उकडायचंय."

"आमच्याकडे तीनच प्रकार आहेत. पालापाचोळा, शेतातला धसकट-कडबा आणि मेलेलं जनावर."

"यातलं एकही नाही."

"मग परवानगी देता येत नाही, सर." त्यानं नियमांचं पुस्तक चाळलं. "त्यात चरबी असते ना? मग जनावरात बसवतो." आणि त्यानं मला आईचं पुडिंग 'मेलेलं जनावर' म्हणून जाळायची परवानगी दिली. सोबत अट होती की खड्डा चार फूट खोल हवा.

आता ढवळणं. आमच्या घरी पुडिंग एकट्यानं ढवळायची पद्धत नाही. घरातल्या प्रत्येकानं लाकडी चमचा घ्यायचा, डोळे मिटायचे, पूर्वेकडून पश्चिमेकडे तीनदा फिरवायचा आणि मनात एक इच्छा धरायची. त्या वेळी बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं, नाहीतर इच्छा फळत नाही. हा आईचा कडक नियम. म्हणून ढवळायला मी सगळ्यांना बोलावलं. मर्विन, माझा धाकटा भाऊ, शेतावरून मेंढ्यांचा वास घेऊन आला. थेल्माही आली. "मी तपासणीला आलेय," असं तिनं दारातच स्पष्ट केलं.

आधी थेल्मा आत गेली. ती बरीच मोठी इच्छा धरत असावी, कारण तिला वेळ लागला. ती बाहेर आल्यावर मी पाहिलं तर मिश्रण जरा सैल वाटलं. मी मूठभर ब्रेडचा चुरा घातला. मग मर्विन गेला. तो आल्यावर मिश्रण आणखी सैल. मी पीठ घातलं, चुरा घातला. मग माझी बायको नोरीन गेली, आणि त्यानंतर चमचा त्यात उभा राहीना. "उकाड्यानं चरबी वितळतेय," नोरीन म्हणाली. मला ते पटलं. मी उरलेला सगळा चुरा, दोन वाट्या पीठ आणि पौंडभर बेदाणे घातले. शेवटी मी माझी इच्छा धरली, ती काय होती ते सांगायला नकोच. तोवर पुडिंग एवढं वाढलं होतं की ते बांधून उकडायचं आईचं मांजरपाटाचं फडकं त्याला पुरेना. नोरीननं पाहुण्यांच्या उशीचा अभ्रा आणला. त्यावर निळ्या दोऱ्यानं 'शांत निद्रा' असं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या घरी गेले आणि मी अंगणात विटा रचून चुलाण पेटवलं. चार फूट खड्ड्याऐवजी मी नोरीनच्या गुलाबाच्या वाफ्यात एक फूट खणलं होतं. क्लॅरी सकाळपासून कुंपणावर होता. लाकूड कुठलं घाला, किती घाला, वारा कुठून येतोय, सगळं सांगत होता. हंड्यात पाणी खळखळायला लागलं, अभ्र्यातलं पुडिंग त्यात डुलायला लागलं, आणि जायफळाचा वास सुटला.

त्या वासानं मी एकदम आठ वर्षांचा झालो. आईच्या धुण्याच्या खोलीत मी उलट्या बादलीवर बसायचो. पाणी कमी झालं की ती किटलीनं भरायची आणि मी लाकूड सरकवायचो. बाहेर उन्हानं पत्रे कडकडायचे आणि आत त्याहून जास्त गरम असायचं. आईच्या बाह्या कोपराच्या वर गेलेल्या, केस कपाळाला चिकटलेले. एरवी तिला बोलायला वेळ नसायचा. त्या एका दिवशी मात्र ती बोलायची. तिचे वडील खाणीतून वर यायचे तेव्हा त्यांचे फक्त डोळे पांढरे दिसायचे, हे तिनं मला तिथेच सांगितलं. मला रडू यायला लागलं. धूर होता म्हणून बरं.

तो धूर मिसेस पॅस्कोंनाही दिसला. त्यांनी एक्स्चेंजला कळवलं आणि गावाचा भोंगा वाजला. क्लॅरीनं कुंपणावरून कोपरं काढली आणि तो निघून गेला. थोड्याच वेळात आगीची गाडी घंटा वाजवत आमच्या दारात आली. तिच्यावरून क्लॅरी उतरला, डोक्यावर पितळी शिरस्त्राण.

"इथे आग कोणी लावली?" त्यानं मला विचारलं.

"क्लॅरी, तूच मला लाकडं निवडून दिलीस."

"ते शेजारी म्हणून, मास्तर. आता मी कॅप्टन म्हणून विचारतोय."

मी परवानगी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली, अभ्र्याकडे पाहिलं आणि शिरस्त्राण काढलं. पथकातले सहाही जण माझे जुने विद्यार्थी. ते नळी हातात धरून ओळीनं उभे राहिले आणि वास घ्यायला लागले. "सर, जनावर कुठलं होतं?" एकानं अदबीनं विचारलं. कायद्यानं चुलाण विझेपर्यंत पथकाला हलता येत नाही, असं क्लॅरीनं जाहीर केलं. त्यामुळे दुपारपर्यंत सगळे आमच्याकडेच थांबले आणि नोरीनला त्यांच्यासाठी तीनदा चहा आणि एकदा सँडविच करावी लागली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून कोण गेलं म्हणून विचारत होता.

उकडलेलं पुडिंग वाळायला मी कपड्यांच्या दोरीवर टांगलं. दोरी जमिनीला टेकली, म्हणून खालून दांडकं लावलं. दोन दिवसांनी एक मॅगपाय पक्षी त्याच्यावर चोच मारून खाली उतरला. थोडा वेळ तो एका पायावर उभा राहिला, मग आडवा झाला. त्याला ऊन लागलं असावं असं समजून मी पाण्याची वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी तो पाच मित्रांना घेऊन आला.

ख्रिसमसला पारा एकशे नऊ फॅरनहाइटवर गेला. थेल्मा आली. मर्विन बायको आणि चार पोरांसह आला. पडदे ओढून, दाराला ओलं कापड लावून आम्ही कोंबड्या खाल्ल्या. मर्विनची पोरं पँटवर आणि उघड्या अंगानं बसली होती, त्यांच्या पाठी खुर्च्यांना चिकटत होत्या. आईच्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं. थेल्मानं दोनदा घड्याळ पाहिलं.

मधेच ती उठली. "पुडिंग बघून येते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ती आल्यावर मर्विन म्हणाला, "मी पण बघतो जरा." मग नोरीन गेली. माझ्या पाककौशल्याबद्दल सगळ्यांना एवढी धास्ती असावी याचं मला वाईट वाटलं.

शेवटी मी पुडिंग आणलं. ते मोठ्या थाळीत जेमतेम मावत होतं. डोक्यावर आईची मेणबत्ती. मी ती पेटवली आणि दोन शब्द बोलावेत म्हणून उभा राहिलो. प्रवचनाची सवय असलेल्या माणसाला दोन शब्द पुरत नाहीत. मी आईच्या संयमी जीवनावर बोलत असताना उकाड्यानं मेणबत्ती मऊ पडली, हळूहळू वाकली आणि वात थाळीत टेकली.

भप्प असा आवाज झाला. थाळीभर निळी ज्योत उठली, पुडिंगवर चढली आणि वर लटकलेल्या कागदी माळेला लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताशी कस्टर्डचा मोठा जग होता. मी तो सगळाच्या सगळा ओतला.

आग विझली. कस्टर्ड टेबलावरून थेल्माच्या मांडीवर ठिबकत होतं, पण ती तिकडे बघत नव्हती. ती नाकानं वास घेत होती.

"यात रम आहे," ती म्हणाली.

"आहे," मर्विन मान खाली घालून म्हणाला. "मी घातलीय. ढवळताना अर्धी बाटली आणि आत्ता थोडी. आई मला लहानपणी दर वर्षी आणायला पाठवायची. धक्क्यावरच्या गुत्त्याच्या मागच्या दारानं. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली होती तिनं."

"तुला?" थेल्माचा आवाज चिरका झाला. "अरे, शपथ तिनं मला घातली होती. ब्रँडीसाठी. स्टेशनाजवळच्या गुत्त्यातून. औषधाला पाहिजे म्हणून सांग म्हणायची. मी तीस वर्षं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मी नाही घातली तर ते पुडिंग आईचं होणारच नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात नोरीन घसा खाकरून म्हणाली, "लग्न झाल्यावर मला पाठवायच्या. खाणीकडच्या गुत्त्यात. काळ्या बिअरच्या दोन बाटल्या. सुनेवर कुणाला संशय येत नाही म्हणायच्या."

"आणि कोरा चहा?" मी विचारलं.

"चहा तुझ्यासाठी रे," मर्विन म्हणाला. "तू तिथे बसलेला असायचास ना."

मग थेल्मा हसायला लागली. तिला तसं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मर्विनच्या डोळ्यांतून पाणी आलं. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी गावातले तिन्ही गुत्ते तिघांना वाटून दिले होते, म्हणजे कुठल्याच गुत्तेवाल्याला पूर्ण हिशेब कळू नये. सगळे हसत होते आणि बशा भरून खात होते.

मी उठून मागच्या अंगणात गेलो. खरं सांगतो, मला फार लागलं होतं. दारूचं नाही. आईनं सगळ्यांवर विश्वास टाकला, परक्या घरातून आलेल्या सुनेवर टाकला, आणि माझ्यावर नाही. सगळ्यांकडे तिचं एकेक गुपित होतं. माझ्याकडे चहा होता. मी अजून परत न केलेल्या, रिकाम्या हंड्याशेजारी उन्हात बसून राहिलो.

थेल्मा बाहेर आली. तिच्या झग्यावर कस्टर्ड वाळलं होतं. ती माझ्या शेजारी विटांवर बसली.

"रुसलास?"

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू चर्चमध्ये उभं राहून कबुली दिली असतीस म्हणून." तिनं झग्यावरचं कस्टर्ड नखानं खरवडलं. "ॲल्विन, बाटली घेऊन मी धावत परत यायचे. दारात उभी राहायचे. तुम्ही दोघं आत बसलेले असायचात आणि ती तुला काहीतरी सांगत असायची. मला बघितलं की बाटली एप्रनखाली घ्यायची आणि म्हणायची, जा, खेळ जा. मर्विनलाही तसंच. ती आम्हाला कामाला पाठवायची रे. तुला जवळ ठेवायची. मला तुझा इतका राग यायचा." तिनं हंड्याच्या काठावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा लगेच काढला. "काय बोलायची ती तुझ्याशी?"

मी तिला आजोबांच्या पांढऱ्या डोळ्यांचं सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. मग दुसरं सांगितलं, मग तिसरं. आतून मर्विन हाका मारत होता. थेल्मा उठेना. नाक लाल झालं होतं तिचं, आणि मेट्रनबाईंनी ते बाहीनं पुसलं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "हंड्यापाशी मी बसणार. सकाळपासून. हे सगळं मला पहिल्यापासून ऐकायचंय."

"बस की. मी लाकडं घालीन."

"लाकडं मर्विन घालेल. तू बाटली आणायला जा."

मी, दारूबंदीचा शपथबद्ध सेवक, जरा विचार केला आणि विचारलं, "कुठल्या गुत्त्यात?"

"तिन्ही," थेल्मा म्हणाली. "आणि मागच्या दारानं."